मांडवाची दुरुस्ती

खैरमोडेसाहेब भिंतीला वळसा घालून आले. भिंत मात्र तिथे नव्हती.

केतकी करंबेळकर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. घराच्या कडेपासून कुंपणापर्यंत दहा फुटांची मोकळी पट्टी. शहाबादी फरशी, कोपऱ्यात कढीपत्त्याचं झाड, दोरीवर वाळत घातलेले तिच्या सासऱ्यांचे, नानांचे पायजमे. एवढंच. आणि उपनगर नियोजन प्राधिकरणाचा हा चांगला शिकलासवरलेला पस्तिशीचा माणूस हातातल्या डिजिटल पाटीत बघत, काटकोनात वळत, पट्टीच्या कडेकडेने अंग चोरून चालत होता.

"अहो, सरळ या ना! मध्ये काय आहे?"

"सरळ आलो की ही ओरडते, मॅडम." खात्री पटवायला खैरमोड्यांनी एक पाऊल आत टाकलं. पाटी कर्कश किंचाळली. ते पटकन मागे सरले. "बघा. मी तुमच्या भिंतीतून गेलो असं तिला वाटतं. तीनदा झालं की आजची पाहणीच बाद होते."

त्यांनी पाटी तिच्यासमोर धरली. फरशी तीच, झाड तेच, पण मधोमध राखाडी रंगाची खोली. लांबी अठरा फूट, रुंदी साडेनऊ, उंची साडेदहा. खाली ठसठशीत अक्षरं होती: निवासी वापर. रहिवासी एक, ज्येष्ठ पुरुष.

"तो ज्येष्ठ पुरुष वरच्या मजल्यावर झोपलाय," केतकी म्हणाली. "त्याला खाली आणायला मला अर्धा तास लागतो. म्हणून तर मी खोली मागतेय! आणि तुम्ही मला सांगताय, खोली आहे?"

"मी नाही सांगत, मॅडम. क्षेत्रपाल सांगतो."

क्षेत्रपाल! त्या नावाने आताशा तिच्या कपाळावरची शीर उडायला लागली होती.

खरं तर चार वर्षांपूर्वी क्षेत्रपाल आला तेव्हा कॅनॉलपलीकडच्या सगळ्या कॉलन्यांनी त्याचं कौतुकच केलं होतं. तोवर नकाशा कागदावर आणि घर जमिनीवर, दोघांची गाठ क्वचितच पडायची. कुणी गॅलरी बंद करायचं, कुणी मोकळ्या जागेत मोरी काढायचं, कुणी दोन मजल्यांच्या परवानगीवर तिसरा चढवून मोकळं व्हायचं. क्षेत्रपालाने हा खेळ संपवला. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर त्याचा एक लेसरचा डोळा होता, तो घराघराचं माप बोटभर फरकाने घ्यायचा. वरून उपग्रह आठवड्याला फेरी मारायचा. आणि भिंतींच्या आरपार जाणाऱ्या मंद रेडिओलहरी परत येताना श्वासाची हालचाल घेऊन यायच्या, म्हणजे कुठल्या खोलीत किती माणसं आहेत तेही कळायचं. या सगळ्यातून यंत्राच्या पोटात अख्खं उपनगर उभं राहिलं होतं, घरागणिक, खोलीगणिक. अर्ज करा, सात सेकंदांत उत्तर. टेबलाखालून काही सरकवायला नको, साहेबांची वाट बघायला नको. लोक खूश झाले.

पण आपली माणसं! महिनाभरात तोड काढली. वाढवलेल्या मजल्यावर आभाळाचं चित्र छापलेलं कापड ताणायचं, कडेच्या खोलीवर रोपवाटिकेची हिरवी जाळी टाकायची. लेसरला कापड दिसायचं, उपग्रहाला आभाळ. तेव्हा क्षेत्रपालाच्या शास्त्रज्ञांनी त्याला नऊ महिन्यांच्या बाळाइतकी अक्कल द्यायचं ठरवलं. पाच महिन्यांच्या बाळाचा खुळखुळा रुमालाने झाकला तर ते विसरून जातं, खुळखुळा संपला. नऊ महिन्यांचं बाळ रुमाल ओढतं. झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे त्याला कळलेलं असतं. क्षेत्रपालाला लाखो छायाचित्रं आणि पाडकामाच्या फायली दाखवून हेच शिकवलं. मोकळ्या जागेत कापड दिसलं तर मागे खोली आहे असं समज. एकदा दिसलेली खोली पाडकामाच्या परवान्याशिवाय जात नाही, तेव्हा ती दिसेनाशी झाली तर चूक डोळ्यांची मान, खोलीची नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तो बरोबर निघायचा.

शंभरावी केतकी.

या नव्या अकलेनिशी सगळ्या उपनगराची पायाभूत मोजणी झाली. सोळा डिसेंबर हा आधारदिन. त्या दिवशी जे उभं होतं ते सगळं माफ, ते कायम. त्यानंतर एक वीटही परवान्याशिवाय नाही.

सोळा डिसेंबरला करंबेळकरांच्या कडेच्या पट्टीत मांडव होता. नानांचं सहस्रचंद्रदर्शन झालं होतं आदल्याच आठवड्यात. एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, दीडशे पानं उठली, त्यांचा मुलगा, म्हणजे केतकीचा नवरा मिलिंद, धुळ्याच्या पवनचक्क्यांवरून चार दिवसांची रजा काढून आला होता. कार्य झालं, पाहुणे गेले, मांडव तिथेच. मंडपवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, "वहिनी, उद्या सकाळी माणसं पाठवतो, पक्कं!" त्याचा उद्या उजाडायला नऊ दिवस लागले. नाना मात्र मजेत होते. खाट मांडवात टाकली होती, दिवसभर तिथेच वाचत, घोरत पडायचे. कापडातून ऊब छान येते म्हणायचे. या नऊ दिवसांत क्षेत्रपालाने त्यांचे श्वास मोजले आणि त्यांची राहायची खोली नक्की करून टाकली.

त्याचं कुणाला काय कळणार? कळलं ते पुढच्या ऑगस्टमध्ये नानांचं खुब्याचं हाड मोडल्यावर.

घर नानांनीच बांधलेलं. खाली बसायची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि संडास-न्हाणीघर. पूर्वी खालीही एक संडास होता, कडेच्या पट्टीत. तो नानांनी स्वतः पाडला. का, तर दीड फूट मार्जिनमध्ये, म्हणजे कुंपणालगत नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, येत होता! कुणाची तक्रार नाही, नोटीस नाही. नाना जन्मभर नियोजन कार्यालयात आरेखक होते, या कॉलनीचे प्लॉट त्यांच्या हातानेच आखलेले. "मार्जिन म्हणजे मार्जिन," म्हणाले आणि गवंडी बोलावला. सासूबाई गेल्या त्या दिवसापर्यंत त्या संडासाची आठवण काढून बोटं मोडत होत्या.

जेवायला आणि बसायला खाली, झोपायला आणि संडासाला वर, म्हणून आता त्या सतरा पायऱ्या दिवसातून तीनदा. नाना पायरीवर बसायचे, हातांवर भार देऊन वरच्या पायरीवर सरकायचे. केतकी खालून त्यांचा दुखरा पाय धरून एकेक पायरी चढायची. उतरताना तेच उलटं. भांडं वापरा म्हटलं तर तोंड फिरवायचे. तिची कंबर दोन महिन्यांत कामातून गेली. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलू नका म्हणाले. उचलू नका! ठीक आहे, मग तुम्ही या रोज सकाळी सहाला.

म्हणून तिने अर्ज केला. ऐंशीच्या पुढच्या माणसाला तळमजल्यावर राहायची सोय नसेल तर मार्जिनमध्ये एक खोली आणि न्हाणीघर बांधायची सवलत होती. सात सेकंदांत उत्तर आलं: तळमजल्यावर खोली उपलब्ध आहे, अर्ज नामंजूर. तिने कळवलं, अशी खोली अस्तित्वात नाही. उत्तर: पाडकामाचा परवाना जोडा. तिने कपाळाला हात लावला आणि नसलेली खोली पाडायचा परवाना मागितला. उत्तर: ज्येष्ठ नागरिक राहत असलेली खोली पाडता येणार नाही.

"नशीब माझं!" ती त्या दिवशी एकटीच ओरडली होती. "मांडवाला सुद्धा माझ्यापेक्षा जास्त हक्क!"

मंडपवाल्याची पावती पाठवून झाली. मांडवातले फोटो पाठवले, तर क्षेत्रपालाने ते खोलीच्या अंतर्गत सजावटीत जमा केले. मिलिंद रविवारी येऊन दोन तास फोनवर भांडला आणि सोमवारी परत गेला. शेवटी सातव्या अर्जानंतर माणूस आला, तो हा खैरमोडे. आणि तोही भिंतीला वळसे घालत होता.

केतकीने त्यांना चहा दिला. पुढच्या ओसरीवर, कारण कडेच्या पट्टीत खुर्ची टाकायला ते तयार होईनात.

दोन घोट झाल्यावर खैरमोड्यांनी पाटी बंद करून उलटी ठेवली. "मॅडम, एक बोलू? मी आठ महिने असल्या तक्रारी बघतोय. ही खोली त्याच्या डोक्यातून काढणं माझ्या साहेबांच्या साहेबांनाही जमायचं नाही. त्यापेक्षा तुम्ही दुरुस्ती करा ना."

"कसली?"

"खोलीची. आधारदिनाची खोली आहे, कायदेशीर आहे. त्याच मापात भिंती आणि छप्पर बदलायला परवाना लागत नाही. कापडाच्या जागी विटा आल्या तर ती दुरुस्तीच. आत न्हाणीघर काढायचं तर रहिवाशाचं तोंडी निवेदन लागतं, एवढंच. आजोबांनी सुनावणीला यायचं आणि सांगायचं, मी या खोलीत राहतो."

केतकी हसायला लागली, हसता हसता कमरेत कळ आली. "म्हणजे खोटं बोलायचं."

"क्षेत्रपालाच्या नोंदीशी जुळेल ते खरं. उलट आजोबा म्हणाले की मी वर राहतो, तर खोटं निवेदन केल्याचा ठपका येईल." खैरमोड्यांनी कप खाली ठेवला. "मलाही आवडत नाही हो. पण माझी आई असती तर मी हेच केलं असतं."

गंमत म्हणजे त्या क्षणी केतकीला वाटलं, सुटलो एकदाचे. नानांचा विचार तिच्या डोक्यातच आला नाही.

नाना म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"जिथे मी राहत नाही तिथे राहतो असं सांगणार नाही. आणि ते मार्जिन आहे."

"अहो नाना, मार्जिनमध्ये बांधायची सवलत आहे तुम्हाला!"

"सवलत मिळाली तर बांध. सवलत नाही मिळाली. ही पळवाट आहे." ते पलंगावर ताठ बसले होते, गुडघ्यावर पेपर. "चाळीस वर्षं मी लोकांना पळवाटा बंद करून दिल्या."

"दिल्यात ना? मग कुणाचं भलं झालं?" केतकीचा आवाज चढला. "घरातला संडास पाडलात तुम्ही! आईंनी काय पाप केलं होतं? आणि आता मी! माझी कंबर बघा. पट्टा सोडला तर मला भाकरी थापता येत नाही. तुमच्या नियमाला माझी कंबर दिसत नाही का?"

नाना खिडकीकडे वळले. तिकडेच बघत म्हणाले, "शेजारच्या लोखंड्यांच्या पायऱ्या आठवतात तुला?"

तिला आठवत होत्या; ती तेव्हा नवीनच लग्न होऊन आली होती. लोखंड्यांच्या, म्हणजे जयमालाताईंच्या घराला पुढे रुंद, बुटक्या पायऱ्या होत्या, त्यांच्या संधिवाताच्या आईसाठी मुद्दाम केलेल्या. त्या वीतभर मार्जिनमध्ये येत होत्या.

"तोडायची नोटीस मी लिहिली. म्हातारी माझ्या कार्यालयात आली होती, रिक्षाने. म्हणाली, साहेब, वीतभर तर आहे, मी मेल्यावर तोडा. मी म्हटलं, नियमात बसत नाही. मग त्यांनी ती उभी लोखंडी शिडी बसवली. म्हातारी त्यानंतर सहा वर्षं जगली, पण खाली उतरली ती तिरडीवरूनच." नानांनी पेपरची घडी घातली. "तिला नाही म्हटलं मी. आता माझ्यासाठी अख्खी खोली? कुठल्या तोंडाने?"

केतकीला त्यांची दयाही आली आणि त्यांना गदागदा हलवावं असंही वाटलं. त्या म्हातारीला छळलंत, त्याची भरपाई म्हणून आता मला छळणार का, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती ते गिळून खाली आली आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याला टेकून रडली.

पाचव्या दिवशी, सकाळी साडेनऊला, अकराव्या पायरीवर नानांचा हात निसटला.

ते खाली घसरले ते सरळ तिच्या अंगावर. तिने कठडा सोडून दोन्ही हातांनी त्यांना धरलं, म्हणून त्यांच्या खुब्याला धक्का लागला नाही. ती स्वतः पाठीवर तीन पायऱ्या आपटत गेली आणि डावा हात खाली सापडला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

जयमालाताई धावत आल्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका होत्या त्या, आता निवृत्त. त्यांनी आधी केतकीचा हात फळीला बांधला, मग नानांना पायरीवरच नीट बसतं केलं. "अगं, मुकाट्याने मला हाक मारायची की नाही रोज? एवढा कसला मान?" त्या केतकीवर खेकसल्या. नानांना काही बोलल्या नाहीत. त्यांच्याशी त्या सहसा बोलायच्याच नाहीत.

संध्याकाळी प्लास्टर घालून केतकी परतली तेव्हा नाना त्याच पायरीवर होते. कुणाला हात लावू देत नव्हते; वर जात नव्हते, खाली येत नव्हते. ती एका हाताने गॅस पेटवायला गेली. लायटर धरला तर बटण फिरवता येईना, बटण धरलं तर लायटर. चौथ्या प्रयत्नाला भपकन जाळ आला आणि ती दचकून मागे सरली. हे सगळं नानांना जिन्यावरून दिसत होतं.

"केतकी," ते म्हणाले, "त्या खैरमोड्यांना फोन लाव. सुनावणी कधी आहे विचार."

सुनावणी मंगळवारी झाली. एक लहानशी थंडगार खोली, टेबल, टेबलावर काळी डबी. डबीतून क्षेत्रपाल बोलायचा, बाईच्या गोड आवाजात. खैरमोडे कोपऱ्यात उभे होते. नाना इस्त्रीचा सदरा घालून, वॉकर शेजारी ठेवून बसले होते. केतकी प्लास्टरचा हात मांडीवर धरून त्यांच्या मागे बसली. आयत्या वेळी हे कच खाणार, ती मनात म्हणत होती. आयत्या वेळी उभे राहतील आणि म्हणतील, ते मार्जिन आहे.

"आपण तळमजल्यावरच्या खोलीत राहता का?" डबीने विचारलं.

नानांनी मागे वळून बघितलं. केतकीच्या तोंडाकडे नाही, हाताकडे.

"राहतो."

"कधीपासून?"

"आधारदिनाच्या आधीपासून. नऊ डिसेंबर."

"खोलीचं वर्णन करा."

"अठरा फूट बाय साडेनऊ फूट," नाना सावकाश, स्पष्ट आवाजात सांगू लागले. "दार घराच्या बाजूला, साडेतीन फुटी, म्हणजे चाकांची खुर्ची आत जाते. पूर्वेला खिडकी, जमिनीपासून अडीच फुटांवर, पलंगावरून रस्ता दिसतो. उतार उत्तरेकडे. पाणी साचत नाही." त्यांचा उजवा हात टेबलावर रेषा ओढत होता. जन्मभर एक रेघ खोटी न मारलेला माणूस अख्खी खोली खोटी सांगत होता, आणि तीही मापाला एक इंच न चुकता. केतकीला हुंदका आवरेना. पदराचा बोळा तिने तोंडाशी धरला.

"आपलं निवेदन सत्य आहे?"

"सत्य आहे," नाना म्हणाले.

सात सेकंद गेले. निवेदन नोंदींशी जुळतं, डबीने कळवलं, दुरुस्तीचं काम सुरू करायला हरकत नाही. खैरमोड्यांनी सुस्कारा टाकला.

परतताना रिक्षा केली. घर आलं तरी नाना उतरेनात. "थोडं पुढे घ्या," त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, आणि रिक्षा लोखंड्यांच्या फाटकापाशी थांबली.

"आता हे काय नवीन, नाना? ऊन किती आहे! घरी चला आधी."

त्यांनी ऐकलं नाही. वॉकर टेकत फाटकातून आत गेले आणि त्या उभ्या लोखंडी शिडीपाशी थांबले. वर जाणं शक्यच नव्हतं. केतकी मागे उभी, एक हात गळ्यात, दुसरा त्यांच्या पाठीशी धरलेला.

आवाज ऐकून जयमालाताई दारात आल्या. नानांना बघून पदराला हात पुसत तिथेच थांबल्या.

"जयमाला," नाना म्हणाले, "आज मी खोटं बोलून खोली मिळवली. मला वाटलं होतं फार अवघड जाईल. एक शब्द होता, झालं." त्यांनी शिडीच्या गजाला हात लावला. "तुझ्या आईला तेव्हा हो म्हणता आलं असतं मला."

केतकीला वाटलं, आता जयमालाताई म्हणतील, जाऊ द्या हो नाना, जुनी गोष्ट. असंच म्हणतात माणसं.

"आलं असतं," जयमालाताई म्हणाल्या. मग पाठमोऱ्या होऊन, शिडीचे दोन्ही गज धरून, एकेक पाय चाचपत खाली उतरल्या आणि त्यांनी नानांचा दंड धरला. "चला. फार वेळ उभं राहू नका, पाय सुजेल."